दीड सूर खाली

आलापल्लीत मला राहायला खोली मिळाली ती एका चुकीच्या उत्तरामुळं.

कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवायला म्हणून मी साताऱ्याकडून इतक्या लांब आलो होतो. पहिले आठ दिवस लॉजवर काढले. मग कोणीतरी सांगितलं, भोंगेवाल्या भाऊंची मागची खोली रिकामी आहे, पण ते आधी परीक्षा घेतात. घरमालक कसली परीक्षा घेतात हे मला माहीत होतं. जात, जेवण, लग्न झालंय का. या तिन्हींची उत्तरं तयार ठेवून मी गेलो.

भाऊ साठीच्या आसपासचे, काटक, छातीनं मात्र रुंद. पुढच्या खोलीत बुद्धाच्या मूर्तीशेजारी लोखंडी पेटीएवढा एक जुना ॲम्प्लिफायर होता आणि त्याच्यावर एक टेपरेकॉर्डर. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि काही न विचारता टेप लावली. कसलातरी जाड, खरबरीत आवाज आला. घोगरा, मध्येच रडवेला, मध्येच गुरगुरणारा. मागं ढोलकं धिम्या चालीनं चाललेलं.

"हे काय वाजून राह्यलं, सर?"

"सॅक्सोफोन."

"पक्कं?"

"पक्कं."

भाऊंना फार आनंद झाला. आतल्या दाराकडं मान वळवून म्हणाले, "आयकलं का वं, हे पन सॅक्सोफोनच म्हन्ते."

आतून बाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला, "मंग देऊन टाका खोली."

तो सॅक्सोफोन नव्हता. तो माउथ ऑर्गन होता. दहा भोकांचा, तळहातात मावेल एवढा. वाजवणाऱ्यानं तो माइकसकट ओंजळीत घट्ट धरला होता आणि तो माइक एका तापलेल्या ॲम्प्लिफायरला जोडला होता. पुढं एकदा मी भाऊंना विचारलं, मी बरोबर ओळखलं असतं तर? ते म्हणाले, "तर तुमाले खोली कायले पायजे होती? तुमाले सगळं माहीतच होतं."

भाऊंचा धंदा गावाला बातम्या सांगण्याचा. ऑटोवर दोन भोंगे बांधलेले, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात माइक. कोणाची बकरी हरवली, दोन दिवस नळ येणार नाही, बाजार उद्याऐवजी परवा भरणार, कोण वारलं. आता हे सगळं मोबाईलवर येतं, पण मोबाईलवर आलेलं खरं की खोटं हे भाऊंचा ऑटो फिरल्याशिवाय गावात ठरत नसे. माइक ते ओठाला इतका चिकटवून धरत, की शब्दाआधी त्यांचा श्वास ऐकू येई. मयताची बातमी असली की लांब श्वास आत. बकरी असली की फुस्सकन बाहेर. लोक त्या श्वासावरूनच हातातलं काम थांबवायचं की नाही ते ठरवत. एकदा सर्दी झालेली असताना त्यांनी साड्यांचा सेल जाहीर केला, तर बाजारातल्या चार बायका डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या.

त्यांच्याकडं दोन ॲम्प्लिफायर होते. एक नवा, धंद्यासाठी आणि पौर्णिमेला विहारात वंदनेसाठी. दुसरा हा जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा, जो तापायला पाच मिनिटं घेई आणि तापला की गुणगुणत राही. त्याला जोडलेल्या बॉक्समधल्या स्पीकरचा कागद फाटलेला होता. मी एकदा तो बदलून देतो म्हणालो. भाऊंनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी त्यांच्या नाकाचा आकार सुधारून देतो म्हणालो असेन.

"सर, स्वच्छ आवाज दवाखान्यात शोभते," ते म्हणाले. "इथी कायले?"

ती कॅसेट त्यांच्याकडं आली त्याला तीसेक वर्षं झाली असतील. तेव्हा त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. इथल्या सागाची मोजमापं घ्यायला एक परदेशी पाहुणा आला होता. त्यानं आपला टेपरेकॉर्डर दुरुस्तीला टाकला, सिरोंच्याकडं गेला आणि गोदावरीपलीकडूनच कुठंतरी निघून गेला. परत आला नाही. भाऊंनी सहा महिने वाट पाहिली आणि मग टेपरेकॉर्डर उघडला. आत एक कॅसेट होती. कव्हर नाही, कागद नाही, नाव नाही. एका बाजूला पाच गाणी, दुसरी बाजू कोरी.

हे वाद्य कुठलं, यात त्यांची दोन वर्षं गेली. चंद्रपूरच्या बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्यानं सॅक्सोफोन सांगितलं. सिरोंच्याचे एक तेलुगू हार्मोनियम मास्तर म्हणाले, हे वाद्यच नाही, कोणीतरी माणूस पोट दुखून कण्हतो आहे. कोडं सुटलं ते भाऊंच्या स्वतःच्या धंद्यामुळं. तिसऱ्या गाण्यात एक जागा आहे, तिथं वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. भाऊंच्या ध्यानात आलं, की हा श्वास आत जाणारा आहे आणि श्वास आत जात असतानाही सूर चालूच आहे.

"सनई ओढून वाजते का, सर? बासरी वाजते? सॅक्सोफोन? सगळे फुकून वाजते. ओढून वाजनारं तोंडाचं वाद्य एकच."

हा शोध मी वर्गात सांगितला असता तर मुलांनी टाळ्या वाजवल्या असत्या. भाऊंनी तो फक्त बाईंना सांगितला. बाई म्हणाल्या होत्या, "दोन वर्सं लागली?"

मग त्यांनी नागपूरहून दहा भोकांचा बाजा मागवला. तो टेपशी जुळेना. टेपमधला सूर खालचा आणि बाजा वरचा. चांगला दीड सूर खाली. दुसऱ्या कोणी दुसरा बाजा आणला असता. भाऊंनी तो खोलला, आतल्या वीसच्या वीस पितळी पत्त्यांच्या टोकांवर कथिलाचा एकेक थेंब ठेवला. पत्ती जड झाली की सूर उतरतो. पहिले अकरा बाजे त्यांनी असे जाळले. बारावा जमला. कथिलाच्या वजनामुळं त्याचा सूर जरा उशिरा उठे, झोपेतून उठवल्यासारखा, पण टेपशी बरोबर जुळे.

दर रविवारी सकाळी नऊ वाजता व्हॉल्व्ह तापत. आधी टेप, मग भाऊ, मग परत टेप. माझ्या खोलीची आणि त्यांच्या खोलीची भिंत एकच. पहिला महिनाभर मी रविवारी नऊला बाहेर पडत असे. दुसऱ्या महिन्यात दहाला. तिसऱ्या महिन्यात मी चहा घेऊन भिंतीला टेकून बसायला लागलो. ही सुधारणा की बिघाड, ते मला आजही सांगता येत नाही.

भाऊंनी स्वतःच्या वाजवण्याच्या कॅसेटीही भरल्या होत्या. खोकंभर. त्यातली एकही त्यांना पसंत नव्हती, आणि नापसंतीचं कारण त्यांनी प्रत्येकीवर नीट अक्षरात लिहून ठेवलं होतं. 'कोंबडा'. 'एस.टी.'. 'लाइट गेली'. 'वरण', म्हणजे त्या दिवशी ऐन रंगात बाईंनी वरण उतू चाललंय म्हणून हाक मारली होती. चांगली कॅसेट बिननावाची आणि वाईट कॅसेटींना नावं, अशी त्यांच्याकडं व्यवस्था होती.

लोकांपुढं ते फारसं वाजवत नसत. एकदा एका जंगलगावातल्या लग्नात नव्या ॲम्प्लिफायरनं दगा दिला म्हणून जुना नेला होता, आणि वाट पाहता पाहता त्यांनी बाजा काढला. वाजवून झाल्यावर नवरदेवाचा आजा, गोंड म्हातारा, उठून जवळ आला. म्हणाला, "माजी म्हैस अशीच ओरडली होती. नाल्यात फसली होती तवा."

"मंग निघाली का?" भाऊंनी विचारलं.

"निघाली."

"मंग बराबर वाजलं," भाऊ म्हणाले. हा प्रसंग ते मला दर दोन महिन्यांनी सांगत आणि दर वेळी म्हाताऱ्याच्या तोंडी तेवढंच वाक्य असे. मानपत्रात कोणी बदल करत नाही.

वाजवणारा कोण, हे मात्र त्यांना जाणून घ्यायचं नव्हतं. मी एकदा मोबाईल काढून दाखवला. म्हटलं, भाऊ, हा फक्त टेपसमोर धरायचा, अर्ध्या मिनिटात वाजवणाऱ्याचं नाव, गाव, सगळं येतं. भाऊंनी टेपवर हात ठेवला, कोणी अंगावर येत असल्यासारखा.

"नोको. नाव कळलं की तो कवा मेला तेही कळन. आता तरी दर रविवारी येते बिचारा."

एवढं स्पष्ट सांगितल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण उत्तर समोर असताना ते न पाहणं हे माझ्या शिक्षणात बसत नव्हतं. जानेवारीतल्या एका रविवारी मी मोबाईल भिंतीला लावून अख्खी टेप भरून घेतली. मोबाईलनं विचार केला आणि सांगितलं, असं गाणं अस्तित्वात नाही. मला बरंही वाटलं आणि अपमानही वाटला. ते रेकॉर्डिंग फोनमध्ये तसंच राहिलं.

मे महिन्यात टेपरेकॉर्डरनं कॅसेट खाल्ली. मी तेव्हा तिथंच होतो. तिसऱ्या गाण्यात आवाज गुदमरला, वाकडा झाला आणि बंद पडला. भाऊंनी झाकण उघडलं. फीत रबरी चाकाभोवती गुंडाळली गेली होती. त्यांनी चिमट्यानं इंच-इंच सोडवली आणि खाटेवर पसरली. चुरगळून चुरगळून तिची जाळी झाली होती. दोन ठिकाणी तुटलेली. बाई दारात येऊन पाहून गेल्या.

भाऊ दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे ऑटो घेऊन निघाले. पण रविवारी नऊ वाजता व्हॉल्व्ह तापले नाहीत. पुढच्या रविवारीही नाहीत. चहावाल्यानं मला विचारलं, भाऊले बरं नाई का? मी भाऊंना म्हटलं, टेप गेली तरी तुमचा बाजा आहे ना, तुम्हाला तर सगळं पाठ आहे.

"पाठ हाय," ते म्हणाले. "पन बरोबर हाय का चूक, हे कोनासंगं ताडून पाहू?"

महिनाभर तो बाजा रुमालात गुंडाळलेला राहिला. भाऊंचा भोंग्यावरचा श्वासही सपाट झाला. बकरी आणि मयत यात फरक कळेना. एकदा गल्लीतली माणसं एका हरवलेल्या वासरासाठी टोप्या काढून उभी राहिलेली मी स्वतः पाहिली.

तेव्हा मी मदत करायचं ठरवलं. मदत करणाऱ्याला फिजिक्स येत असेल तर गावानं जपून राहावं. मी ते भिंतीपलीकडून चोरलेलं रेकॉर्डिंग काढलं आणि विचार करू लागलो, की असं गाणं अस्तित्वात नाही म्हणजे काय? मग एकदम डोक्यात आलं. टेपरेकॉर्डरचा रबरी बेल्ट ढिला असला की चाकं हळू फिरतात. चाकं हळू फिरली की गाणं हळू होतं आणि सूरही उतरतो. मी कॉम्प्युटरवर त्या रेकॉर्डिंगचा वेग वाढवत नेला आणि दीड सूर वर आल्यावर मोबाईल परत समोर धरला. पाच सेकंदांत नाव आलं. मूळ गाणं आलं. बाकीची चारही आली.

म्हणजे भाऊंनी तीस वर्षं जो सूर गाठायचा प्रयत्न केला, तो कोणी वाजवलेलाच नव्हता. तो एका सैल रबराचा सूर होता. या शोधाचा मला इतका आनंद झाला, की भाऊंना तो सांगताना त्यांचा चेहरा कसा होईल, याचा विचार करायला सवड झाली नाही.

रविवारी नऊ वाजता मी त्यांच्याकडं गेलो. व्हॉल्व्ह तापवायला सांगितले. मोबाईल ॲम्प्लिफायरला जोडला आणि मूळ गाणं लावलं. लख्ख, चपळ, उंच सुरातलं. भाऊंनी ते डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं, पाहुण्याच्या घरचं जेवण जेवावं तसं.

"चांगला हाय," ते म्हणाले. "पन हा तो नाई."

"भाऊ, हाच तो," मी म्हटलं आणि कागद काढला. त्यावर दोन चाकं काढली, त्यांच्याभोवती बेल्ट काढला, वेग आणि सूर यांचं नातं सांगितलं. अकरावीला सांगतो तसंच सांगितलं. भाऊंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "सर, मी तवा काय दुरुस्त करत होतो?"

"टेपरेकॉर्डर."

"मंग बेल्ट ढिला हाय, हे मले माहीत नसन का?"

मी कागदाची घडी करायला लागलो.

"पहिल्याच पावसाळ्यात नवा बेल्ट टाकला होता. आठ दिवस चालवला अन् काढून टाकला." मग त्यांना काहीतरी सुचलं. "पन सर, मशीनले हे कळलं कसं? कॅसेट तर फाटली."

आता सांगण्यावाचून इलाज नव्हता. मी सांगितलं. भिंत, जानेवारी, सगळं. भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे, ते परवडलं असतं.

"म्हंजे ते तुमच्यापाशी होतं."

"हो."

"जसंच्या तसं? ढिलं?"

"हो."

"अन् मी महिनाभर इथी बसून राह्यलो. मंग ते काऊन नाई आनलं?"

खरं उत्तर हे होतं, की ते माझ्या मते चुकीचं होतं.

मी ते लावलं. भिंतीपलीकडून भरलेलं, माझ्या पंख्याची घरघर आणि दोनदा माझं खोकणं त्यात आलेलं. पण व्हॉल्व्हमधून बाहेर आलं तेव्हा ते तेच होतं, घोगरं, जड, वेळ घेणारं. भाऊ खुर्चीत मागं टेकले. आणि स्वयंपाकघरातून बाई बाहेर आल्या. चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच मला दिसलं, की त्या गाण्याबरोबर श्वास घेत होत्या. त्यानं ओढला की त्या ओढत, त्यानं सोडला की सोडत.

बाईंच्या कमरेला खोचलेला दम्याचा पंप मी रोज पाहत होतो. पंप यायच्या आधी काय होतं, हे विचारावं असं तीन वर्षांत मला सुचलं नव्हतं.

"तवा कुठचा पंप, सर," बाई म्हणाल्या. "पावसात नाला भरला की दवाखाना बंद. दम दाटला की हे टेप लावत. म्हनत, याच्या संगं घे, याच्या संगं सोड. तसं करता करता छाती मोकळी होये. मंग यायनं नवा बेल्ट टाकला. तो जो धावाले लागला, मी त्याच्या मांगं धावू का? उलटी ढासच लागली. म्हटलं, पयला लावा."

"म्हणून काढला," मी म्हटलं.

"अन् बाजा काऊन शिकले, तेही इचारा. लाइट गेली की टेप बंद. मंग मी काय लाइट येईपर्यंत दम धरू?"

"खोटं हाय," भाऊ म्हणाले. "मले आवडत होतं म्हनून शिकलो."

"अकरा बाजे जाळले," बाई मला म्हणाल्या. "आवडनारा मानूस दोन जाळते."

भाऊंनी कपाटातून रुमाल काढला, बाजा सोडवला, दोनदा तळहातावर आपटून धूळ झाडली. माइक ओंजळीत धरला, पण लगेच वाजवलं नाही. टेपचं दुसरं गाणं संपेपर्यंत थांबले आणि तिसऱ्यात शिरले. ते आणि तो, दोघंही दीड सूर खाली, एकमेकांना न चुकता. मी कागद खिशात घातला. वाजवणाऱ्याचं नाव त्या कागदाच्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं. ते मला कोणी विचारलं नाही आणि पुढं माझी बदली चंद्रपूरला होईपर्यंतही विचारलं नाही. ते रेकॉर्डिंग मात्र मी त्यांना त्याच दिवशी एका कोऱ्या कॅसेटवर भरून दिलं. तिच्यावर भाऊंनी काही लिहिलं नाही.

गाणी संपल्यावर बाई आत जायला वळल्या आणि थांबल्या.

"तो दुसरा लावा बरं एकदा. तुमचा खरावाला."

मी मूळ गाणं लावलं. बाईंनी पदरानं हात पुसत ते अर्धंअधिक ऐकलं. चांगलं लक्ष देऊन, वाजवणाऱ्याचा मान राखून.

"वाजवते चांगला," त्या म्हणाल्या. "पन याच्या घरी कोनाले दमा नसन."